एक्समूरची पायवाट

इंग्लंडच्या नैऋत्येचं एक्समूर १९५४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. मुलांना घेऊन चालायचं तर बार्ल नदीचं खोरं उत्तम. तिथला टार स्टेप्स पूल नुसत्या शिळांवर शिळा टेकवून रचलेला, १७ गाळ्यांचा, सुमारे ५५ मीटर लांब. पुरात शिळा वाहून जातात, म्हणून त्यांना क्रमांक दिलेत. पाणी ओसरलं की ज्या त्या जागी पुन्हा बसवतात. मुलांना हे सांगायलाच हवं!

काठाने ओकचं जुनं जंगल लागतं.

डंकरी बीकन ही टेकडी मात्र उघड्या माळावर, ५१९ मीटर उंच. गाडीरस्ता बराच वर जात असल्याने माथा लहानग्यांनाही गाठता येतो. ऑगस्टमध्ये हेदरची झुडपं फुलून उतार जांभळे होतात, पांढुरक्या नाकाडाची एक्समूर तट्टं मोकळी चरतात. त्यांना खाऊ देऊ नये. वर वारा बोचरा, जॅकेट उन्हाळ्यातही सोबत हवंच.