आधी अभियंता, मग सौरफलक

(सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



धर्मादाय संस्थांकडे अलीकडे एका प्रकारचे प्रस्ताव वारंवार येऊ लागले आहेत. एखाद्या दुर्गम वाडीसाठी किंवा पाड्यासाठी सौर मिनीग्रिड, म्हणजे त्या वस्तीपुरते सूर्यप्रकाशावर चालणारे स्वतंत्र वीजघर आणि त्याचे तारांचे जाळे, उभारून द्यावे अशी त्यांत विनंती असते. सोबत खर्चाचे अंदाजपत्रक जोडलेले असते. त्यात सौरफलक असतात, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, खांब आणि तारा असतात. क्वचित उद्घाटनाच्या मंडपाचाही खर्च दाखविलेला असतो. मात्र हे सारे किती, कोठे आणि कशासाठी बसवावयाचे याचा विचार करणाऱ्या मनुष्यासाठी त्या कागदावर बहुधा एकही ओळ नसते. देणगीदाराचे नाव फलकावर कोरता येते, खोलीच्या भिंतीवर लावता येते. हिशेबाच्या वहीवर ते कोणी कोरीत नाही, हे त्याचे एक कारण असावे. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच वगळलेला खर्च आहे: सौर मिनीग्रिडच्या संकल्पनासाठी अभियंत्याची नेमणूक.

प्रथम दोन उदाहरणे पाहू. बंगालच्या उपसागरातील सागर बेटावर, कमलपूर या गावी, १९९६ साली सौरवीजघर सुरू झाले. मुख्य भूमीवरून रुंद नदीपात्र ओलांडून तारा नेणे त्या काळी परवडणारे नव्हते. पश्चिम बंगालच्या अक्षय ऊर्जा विकास संस्थेचे अभियंता शांतिपद गण चौधुरी यांनी या कामाचे नेतृत्व केले व त्याला २००३ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. संध्याकाळचे मोजके तास वीज, ठराविक आकार आणि वसुलीसाठी स्थानिक मंडळ, असा साधा परंतु मोजूनमापून केलेला तो व्यवहार होता. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील दरेवाडी येथे २०१२ साली सुमारे साडेनऊ किलोवॉटचा संच बसला. तेथील घरांची संख्या चाळिशीच्या आतबाहेर. घरोघर मीटर लावले गेले, दर गावकऱ्यांनी बसून ठरविला आणि दिव्यांबरोबर पिठाची गिरणीही हिशेबात धरली गेली.

याच्या उलट बाजूचे उदाहरण बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई या गावाचे आहे. तीन दशकांहून अधिक काळ अंधारात राहिलेल्या या गावी जुलै २०१४ मध्ये १०० किलोवॉटचा सौर मिनीग्रिड मोठ्या गाजावाजाने सुरू झाला. त्यापैकी ७० किलोवॉट सुमारे साडेचारशे घरांसाठी व ३० किलोवॉट शेतीपंपांसाठी होते. खर्च तीन कोटी रुपयांच्या घरात गेला. परंतु जड उपकरणे चालवू नयेत अशी मर्यादा होती, दर सरकारी विजेपेक्षा अधिक होता आणि गावकरी ‘असली बिजली’ मागू लागले. ती सरकारी वीज लवकरच आली. पुढे काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत, आणि २०२१ साली त्या वीजघराच्या आवारात गुरे बांधली जात असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. येथे कोणाच्याही हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. सौरफलकही वाईट नव्हते. फलकाचे आयुष्य साधारणपणे पंचवीस वर्षांचे असते. लोक किती वीज मागतील, बॅटरी संपल्यावर ती कोणाच्या पैशाने येईल आणि सरकारी तार आल्यावर या संचाचे काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच असावयास हवी होती.

मापे घेतल्याशिवाय कापड फाडू नये, हे पेढीवर बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. सौरवीजघराची मापे कशी घेतात हे पाहिले, तर अभियंत्याला पैसे कशाचे द्यावयाचे हे ध्यानात येईल.

समजा, चाळीस उंबऱ्यांची वाडी आहे. प्रत्येक घरात सात वॉटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास चालतात, म्हणजे १४० वॉट-तास झाले. जुन्या बनावटीचा ७५ वॉटचा छताचा पंखा आठ तास चालला तर ६०० वॉट-तास. लहान दूरदर्शन संच तीन तासांसाठी १२० आणि मोबाइलसाठी १० धरले, की एका घराची बेरीज ८७० वॉट-तास येते. चाळीस घरांची रोजची गरज ३४.८ युनिट. आता विकणारा याच आकड्यावर फलक आणि बॅटऱ्यांचा भाव लावील. जाणता अभियंता पंख्याकडे पाहील. तो म्हणेल, सुमारे ३० वॉटचा बीएलडीसी पंखा घरोघर द्यावा. पंख्याची गरज ६०० वरून २४० वर येते, घराची बेरीज ५१० होते आणि वाडीची गरज २०.४ युनिट. रोज १४.४ युनिट वाचले. तीन अश्वशक्तीची पिठाची गिरणी रोज तीन तास चालविली तर तिला सात युनिटच्या आसपास वीज लागते. अर्थात केवळ पंखे बदलल्याने गिरणी निघाली आणि वर तेवढीच वीज शिल्लक राहिली.

खरी बचत तर पुढेच आहे. दिवे आणि पंखे रात्री चालतात. दिवसाच्या गरजेचा ऐंशी टक्के हिस्सा रात्रीचा धरला, तर पहिल्या हिशेबात रात्रीचे २८ आणि दुसऱ्या हिशेबात १६ युनिट बॅटरीतून यावयास हवेत. ढगाळ हवामानासाठी दोन रात्रींची तरतूद करावी लागते, आणि शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून क्षमता दुपटीने घ्यावी लागते. त्यामुळे एकीकडे ११२ युनिटची बॅटरी, दुसरीकडे ६४ युनिटची. इन्व्हर्टर व तारांतील घट यात धरलेली नाही. ती धरली की अंतर आणखी वाढते. चाळीस पंख्यांच्या किमतीत ४८ युनिट क्षमतेची बॅटरी वाचते, आणि तीही एकदाच नव्हे, कारण शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार-सहा वर्षांनी बदलाव्याच लागतात. लिथियमच्या अधिक खोलवर वापरता येतात व अधिक वर्षे टिकतात, पण आरंभीचा खर्च अधिक. कोणती घ्यावी हे त्या वाडीच्या वसुलीकडे पाहून ठरवावे लागते, केवळ माहितीपत्रक वाचून नव्हे.

हे आकडे कोठून येतात? ते वाडीत राहून येतात. होमर नावाची संगणकप्रणाली अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत विकसित झाली. संच केवढा असावा याचे उत्तर ती चटकन देते. परंतु तिला जे सांगावे तेच ती मोजते. सातपुड्यातील अथवा सह्याद्रीतील पुष्कळ पाड्यांवर दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर जातात व निम्म्या घरांना कुलपे लागतात. पाऊस सुरू होताना सारे शेतीसाठी परत येतात. म्हणजे वस्ती सर्वांत भरलेली असते ती नेमकी सूर्य सर्वांत कमी दिसण्याच्या महिन्यांत. वर्षाची सरासरी काढणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही. महाराष्ट्रात एक किलोवॉट फलकापासून दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते असे तो धरून चालतो, आणि आषाढात वाडी अंधारात बसते. दळण कोणत्या वेळी निघते हे घरातील स्त्रियांना विचारावे लागते. गिरणी दुपारी चालली तर बॅटरीला हात लागत नाही. तीच संध्याकाळी चालली तर बॅटरी वाढवावी लागते. शिवाय गिरणीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट विद्युत्प्रवाह ओढते. इन्व्हर्टर निवडताना हे विसरले गेले, तर गिरणीचे बटण दाबताच सारी वाडी काळोखात जाते आणि लोक ‘सौर म्हणजे खोटी वीज’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. त्यांना दोष देता येत नाही.

जागेचेही तसेच. दान मिळालेली जमीन बहुधा वस्तीच्या एका टोकाला असते. तेथून पाचशे मीटरवरच्या घरांना, १६ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या तारेतून, एकेरी फेजवर पाच किलोवॉट वीज न्यावयाची म्हटली, तर २३० व्होल्टपैकी सुमारे ४० व्होल्ट तारेतच जिरतात. तेच वीजघर मध्यभागी आणून निम्मी वीज या बाजूला, निम्मी त्या बाजूला दिली, तर अंतरही निम्मे होते, प्रवाहही निम्मा होतो आणि घट एक चतुर्थांशावर, म्हणजे दहा व्होल्टच्या आसपास येते. तार तीच आणि तेवढीच. फक्त जागा बदलली, आणि ती बदलावी हे सांगणारा कोणीतरी नकाशा घेऊन वाडीत फिरला.

सरकारी तार येण्याचा प्रश्न आज सर्वांत महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना सुरू झाली व एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावांपर्यंत वीज पोहोचल्याचे जाहीर झाले. गावात खांब पोहोचला म्हणजे पाड्यात दिवा लागला असे नव्हे, आणि लागलेला दिवा वादळानंतर किती दिवस बंद राहतो हा तर निराळाच विषय. तरीही तार आज ना उद्या येणार, असे धरूनच आराखडा करावयास हवा. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १४ मध्ये अधिसूचित ग्रामीण भागात परवान्याशिवाय वीज निर्माण करून वाटण्याची मोकळीक आहे. उत्तर प्रदेशाने २०१६ साली मिनीग्रिडसाठी नियम केले. तार आल्यावर संच सोबत चालू ठेवणे किंवा वीज वितरण कंपनीला देणे, असे मार्ग त्यांत आखून दिले. असे नियम असोत वा नसोत, अभियंत्याने खांब व तारा वितरण कंपनीच्या मापाच्या घ्याव्यात आणि इन्व्हर्टर पुढे सरकारी तारेशी जोडता येईल असा निवडावा. मग तार आली तरी दिलेले दान भंगारात जात नाही. कधी कधी प्रामाणिक अभियंता पाहणीअंती असेही सांगेल की येथे मिनीग्रिडची गरजच नाही. आरोग्य उपकेंद्राच्या आणि आश्रमशाळेच्या छपरावर स्वतंत्र संच बसविले की काम भागते. असा सल्ला देणाऱ्याचे मानधन त्या दिवशीच वसूल झाले असे समजावे.

आता नेमणुकीविषयी. जो फलक विकतो त्यालाच किती फलक लागतील हे विचारू नये. अभियंता विद्युत शाखेचा असावा, त्याचे मानधन संस्थेने स्वतंत्रपणे द्यावे आणि पुरवठादाराकडून त्याला कोणत्याही स्वरूपाची दलाली मिळत नाही हे करारात लेखी असावे. पदवी व अनुभवाचे दाखले पाहावेतच. परंतु त्याने केलेले, निदान पाच वर्षे जुने झालेले एखादे वीजघर दाखविण्यास सांगावे. नव्या संचाचे छायाचित्र कोणाचेही सुंदर येते. त्या जुन्या वीजघरी जाऊन बॅटरीच्या खोलीचे कुलूप कोणाकडे असते, ते विचारावे. शेजारच्या घरात मीटर आहे की ठोक आकार, आणि मागील महिन्याची वसुली किती झाली, हेही विचारावे. विश्वस्तांपैकी एकाने अशा भेटीस एक दिवस दिला, तर पुढील पुष्कळ पत्रव्यवहार वाचतो.

करारात उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात एक असे किमान दोन मुक्काम असावेत. भूसंपर्कन, वीजरोधक, जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखविलेल्या असाव्यात. विशेषतः शिशाच्या बॅटऱ्या वाडीच्या कडेला पडून राहिल्या तर दानातून विहिरीत विष जाते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. मासिक वर्गणीतून बॅटरीसाठी वेगळे खाते पहिल्या महिन्यापासून भरले जावे व त्याचा हप्ता अभियंत्यानेच काढून द्यावा, कारण बॅटरी केव्हा संपेल हे त्यालाच ठाऊक असते. वाडीतील दोन तरुण, आणि शक्य असेल तर त्यांपैकी एक मुलगी, त्याच्या हाताखाली काम करून तयार व्हावी. संपूर्ण जोडणीचा नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरांत, वीजघराच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. कपाटातील कागद वाळवीच खाते. मानधनाचा अखेरचा चौथा हिस्सा राखून ठेवावा आणि संच सुरू झाल्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, वाडीच्या मंडळाने सही केल्यानंतरच तो द्यावा.