बॉब मार्ली : आधी न्याय, मग शांतता
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत 'रेगे' हा शब्द वाचून मी कविवर्य पु. शि. रेगे यांच्यावर बोलणार, असा समज काही ज्येष्ठांनी करून घेतल्याचे कानावर आले आहे. आजचा रेगे आडनावाचा नाही. तो एक संगीतप्रकार आहे. आणि ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे ते बॉब मार्ली वेस्ट इंडीजमधील जमैका बेटाचे. हा विषय आपल्या युवक विभागाने सुचविला. त्या विभागातील दोघातिघांच्या सदऱ्यांवर एक जटाधारी, हसरा चेहरा गणेशोत्सवाच्या तयारीतही दिसत असतो. त्या चेहऱ्याचा धनी कोण, आणि मरून चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावरही तो सदऱ्यांवर का टिकून आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

जमैकाची राजधानी किंग्स्टन हे नाव मराठी घरांना अपरिचित नाही. १९७१ साली तेथील सबिना पार्क मैदानावर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा केल्या. १९७६ च्या एप्रिलमध्ये त्याच मैदानावर वेस्ट इंडीजच्या द्रुतगती गोलंदाजांनी आपले फलंदाज एकामागून एक जायबंदी केले आणि पाच गडी बाद ९७ वर आपला डाव संपला. ही हकिकत वडीलधाऱ्यांनी आपल्याला रंगवून सांगितली आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्या शहरात आणीबाणी पुकारली गेली (आपल्याकडेही तेव्हा आणीबाणीच चालू होती) आणि डिसेंबरमध्ये या गायकावर त्याच्या राहत्या घरी गोळ्या झाडण्यात आल्या. हे मात्र क्रीडावृत्ताच्या पानावर येण्यासारखे नव्हते.

बेट लहान आहे. आपल्या जळगाव जिल्ह्यापेक्षाही क्षेत्रफळाने किंचित कमीच भरेल. १६५५ मध्ये इंग्रजांनी ते स्पेनकडून घेतले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमावर तेथे उसाचे मळे उभे केले. गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली, प्रत्यक्ष सुटका १८३८ साली झाली. त्यानंतर मळ्यांना मजूर हवे झाले आणि मळेवाल्यांची दृष्टी आपल्या देशाकडे वळली. १८४५ च्या मे महिन्यात करारबद्ध हिंदी मजुरांचे पहिले जहाज जमैकाच्या किनाऱ्याला लागले. १९१७ पर्यंत सुमारे छत्तीस हजार माणसे अशी गेली. रेगेवाल्यांच्या तोंडी सदैव असणारा 'गांजा' हा शब्द त्यांनीच तेथे नेला. तेव्हा त्या मंडळींच्या व्यसनाला नाक मुरडताना आपण जरा जपून असावे.

६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला. मार्ली तेव्हा सतरा वर्षांचे होते. ६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट अ‍ॅन परगण्यातील नाइन माइल या डोंगरी खेड्यात त्यांचा जन्म झाला. आई कृष्णवर्णीय, शेतकरी कुटुंबातील. वडील वयाने बरेच मोठे, गोरे आणि बहुतेक काळ गैरहजर. पोरसवदा वयात ते आईबरोबर किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत आले. ही वस्ती सरकारने बांधलेली. मधले आवार, भोवती खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि नळ सामाईक. गिरगाव-परळच्या चाळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना अधिक वर्णनाची गरज नाही. तेथेच पीटर टॉश आणि बनी वेलर हे सवंगडी भेटले आणि १९६३ साली 'वेलर्स' हा संच जमला. त्यांचे पहिले गाजलेले गीत 'सिमर डाउन' वस्तीतील दांडगाई करणाऱ्या तरुणांना उद्देशून होते आणि डोके थंड ठेवण्याचा सल्ला देणारे होते. उपदेश करणारा त्यांच्याच गल्लीतला असल्यामुळे तो ऐकून घेतला गेला असावा.

संगीताविषयी थोडेसे. रेगेचा जो 'वन ड्रॉप' नावाचा प्रसिद्ध ठेका आहे, त्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि मोठ्या ढोलाचा घाव तिसरीवर पडतो. गिटार ठोक्यावर न वाजता ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजते. आपल्या कानाला समेची ओढ. येथे समच रिकामी. त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना पायरी चुकल्यासारखे वाटते, आणि थोड्या वेळाने त्या रिकाम्या जागेचीच गोडी लागते. मंद लय आणि खर्जातला भरदार आवाज यांमुळे त्यावर शब्द सावकाश, स्पष्ट म्हणता येतात. ज्याला काही सांगावयाचे आहे अशा गायकाला ही फार मोठी सोय होती.

आता मुख्य विषयाकडे येतो. स्वातंत्र्यानंतर जमैकात दोन पक्ष आलटून पालटून सत्तेवर येत राहिले. पश्चिम किंग्स्टनमध्ये जुन्या झोपड्या पाडून नव्या सरकारी वसाहती झाल्या आणि त्यांतील घरे, त्याचप्रमाणे सरकारी कामे, पक्षाच्या ओळखीवर वाटली जाऊ लागली. ज्या पक्षाची वसाहत, त्याच पक्षाची मते; दुसऱ्या पक्षाच्या माणसाला तेथे पाय ठेवण्याची चोरी. वसाहतींच्या रक्षणासाठी टोळ्या आल्या, टोळ्यांच्या हाती बंदुका आल्या. तेथे अशा मतदारसंघांना लष्करी छावणीचेच नाव पडले. मी आयुष्यभर शासकीय सेवेत आहे. घर मिळविण्यासाठी माणसे कोणाकोणाचे उंबरे झिजवितात, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून मला वाटते की किंग्स्टनच्या हिंसाचाराचे मूळ माणसांच्या तापट स्वभावात शोधू नये, ते घरवाटपाच्या यादीत शोधावे. मार्ली यांनाही ते तेथेच दिसले. त्यांच्या गीतांत भूक, भाडे, चूल आणि पोलीस यांचा उल्लेख वारंवार येतो, तो यामुळेच.

१९७६ च्या डिसेंबरमध्ये मार्ली यांनी लोकांसाठी एक विनामूल्य कार्यक्रम ठरविला. उद्देश पक्षनिरपेक्ष होता. परंतु पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांनी लगोलग निवडणूक जाहीर केल्यामुळे कार्यक्रमावर सत्ताधाऱ्यांचा शिक्का बसला. ३ डिसेंबरच्या रात्री बंदूकधारी त्यांच्या होप रोडवरील घरात घुसले. मार्ली यांना छातीला व दंडाला, पत्नी रीटा यांना डोक्याला गोळी लागली. व्यवस्थापक तर गंभीर जखमी झाले. दैव बलवत्तर म्हणून सारे वाचले. ५ डिसेंबरला मार्ली जखमा बांधून मंचावर आले आणि दीड तासाच्या आसपास गायिले. नंतर त्यांनी देश सोडला आणि वर्षभराहून अधिक काळ ते लंडनला राहिले. १९७७ चा 'एक्सोडस' हा गीतसंग्रह तेथलाच. १९९९ साली 'टाइम' साप्ताहिकाने त्याला शतकातील सर्वोत्तम गीतसंग्रह ठरविले.

त्या १९७६ सालच्याच 'वॉर' या गीताविषयी मला मुद्दाम सांगावयाचे आहे. त्यातील शब्द कवीचे नाहीत. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी ४ ऑक्टोबर १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत भाषण केले होते. त्यातील उतारा जवळजवळ जसाच्या तसा घेऊन मार्ली यांनी तो गायिला. वंशावंशांत उच्चनीचता मानली जाते, एकाच देशात पहिल्या आणि दुसऱ्या दर्जाचे नागरिक असतात, तोवर शांतता हे स्वप्नच राहणार, असा त्या उताऱ्याचा आशय. साहेबांसाठी भाषणांचे मसुदे तयार करण्यात माझी उमेद गेली. त्यांतील एखादा परिच्छेद कोणी ठेक्यावर गाईल, ही कल्पना मला कधी शिवली नाही. येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. मार्ली ज्या रास्ताफारी पंथाचे होते तो पंथ सेलासींना ईश्वराचा अवतार मानतो. प्रत्यक्षात ते एकतंत्री राज्यकर्ते होते, आणि दुष्काळात प्रजा मरत असता ती वार्ता दडपल्याचा ठपका त्यांच्या राजवटीवर आला. १९७४ साली ते पदच्युत झाले. भक्ताला हे दिसले नाही, किंवा दिसूनही त्याने नजर वळविली. शब्द मात्र सम्राटापेक्षा मोठे ठरले.

१९७८ साली दोन प्रतिस्पर्धी टोळ्यांच्या म्होरक्यांनी, क्लॉडी मॅसप आणि बकी मार्शल यांनी, तह करून मार्ली यांना परत बोलाविले. २२ एप्रिल रोजी किंग्स्टनच्या राष्ट्रीय क्रीडागारात शांततेसाठी संगीतसभा झाली. गाता गाता मार्ली यांनी पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा या दोघांना मंचावर बोलाविले, दोघांचे हात धरले आणि आपल्या मस्तकावर उंच उचलून एकत्र जोडले. हे छायाचित्र जगभर गेले. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्क येथे आफ्रिकी प्रतिनिधींच्या वतीने त्यांना शांतता पदक देण्यात आले.

त्याच सभेत आधी पीटर टॉश गाऊन गेले होते. त्यांनी गाणी थांबवून त्याच दोन नेत्यांना तोंडावर खडसाविले. आपल्याला नुसती शांतता नको, समान हक्क आणि न्याय हवा, हे त्यांचे म्हणणे ते आदल्या वर्षीच एका गीतात मांडून बसले होते. काही महिन्यांनी पोलिसांनी त्यांना पकडून जबर मारहाण केली. हस्तांदोलनाचे छायाचित्र घरोघरी आहे. टॉश यांचे ते भाषण किती जणांना ठाऊक आहे? माझ्या मते त्या रात्रीचा अर्थ दोघांना एकत्र ठेवल्याशिवाय लागत नाही. मार्ली यांनी हात जोडून दिले, आणि ते हात कोणत्या अटीवर जोडलेले राहतील, हे टॉश यांनी सांगून ठेवले.

अट पाळली गेली नाही. मॅसप १९७९ साली पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मार्शल १९८० साली न्यूयॉर्कमध्ये मारला गेला. त्याच १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात शेकडो माणसे बळी पडली. घरवाटपाची यादी बदललीच नव्हती. मग गायकाने काय साधले, असा प्रश्न आपण विचाराल, आणि तो रास्त आहे. जमैकात शांतता आणणे त्यांना साधले नाही, हे सरळ कबूल केले पाहिजे. उत्तर दुसरीकडे शोधावे लागते.

ते १७ एप्रिल १९८० च्या रात्री, ज्या सॅलिसबरीला आज हरारे म्हणतात तेथे मिळते. ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे होत होता. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आले होते, आपल्या पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधीही उपस्थित होत्या. मुक्तिसैनिक रानावनात ज्याची गाणी ऐकत आले होते त्या मार्ली यांना समारंभाचे निमंत्रण होते, आणि ध्वनियंत्रणा लंडनहून विमानाने नेण्याचा खर्च त्यांनी पदरचा केला. क्रीडागाराबाहेर राहिलेले लोक आत घुसू लागले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो मंचापर्यंत आला. सहगायिका आत गेल्या. मार्ली थोडे थांबून पुन्हा गायिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या सामान्य जनांसाठी आणखी एक विनामूल्य कार्यक्रम केला. निमंत्रितांसाठी एक आणि फाटकाबाहेरच्यांसाठी एक, हा हिशेब मला फार आवडतो. त्यांच्या 'झिंबाब्वे' या गीतात पुढच्या अंतर्गत सत्तास्पर्धेविषयी इशाराही आहे. तो किती खरा ठरला, हे पाहावयास ते राहिले नाहीत. पायाच्या अंगठ्यातून पसरलेल्या कर्करोगाने ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, मायामी येथे त्यांचे निधन झाले. शासकीय इतमामाने झालेल्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचे भाषण केले ते सिआगा यांनी; तोवर ते पंतप्रधान झाले होते.

मृत्यूनंतरचा त्यांचा प्रवास तर आपल्या दारापर्यंत आला. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाली, त्या निमित्ताने अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने जगभर संगीतसभा भरविल्या. ३० सप्टेंबर १९८८ रोजी ती मंडळी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू क्रीडागारात आली होती. स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, सेनेगलचे यूसू एन्दूर अशा सर्वांनी मिळून सभेच्या शेवटी गाण्याचे गीत होते मार्ली आणि टॉश यांचे 'गेट अप, स्टँड अप'. गोव्यात २०१६ पासून रेगेचा महोत्सवही सुरू झाला. २०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले आणि तसे करताना अन्याय, प्रतिकार आणि माणुसकी या प्रश्नांवरील चर्चेला त्याने दिलेल्या योगदानाचा उल्लेख केला.

याच काळात त्यांच्या नावाने गांजाचा व्यापारी छापही निघाला, आणि तो कुटुंबीयांच्या संमतीने निघाला. अंजुण्याच्या बाजारात त्यांचा चेहरा चादरींवर मिळतो. त्यात मला वाईट एवढेच वाटते की प्रेमाने एकत्र या म्हणणारा मार्ली विकला जातो आणि घरभाड्याविषयी बोलणारा मागे पडतो. 'नो वुमन, नो क्राय' हे गीत आपल्या मुलांना पाठ असते. त्यात त्याच सरकारी आवारातील रात्री आहेत, शेकोटी आहे, वाटून खाल्लेली पेज आहे. गीतकार म्हणून त्यावर मार्ली यांनी आपले नाव घातले नाही. नाव आहे व्हिन्सेंट फोर्ड यांचे. हे फोर्ड ट्रेंचटाउनमध्ये भुकेल्यांना जेवू घालणारे स्वयंपाकघर चालवीत असत.

माझा वेळ संपला, अशी खूण अध्यक्षांनी केली आहे. युवक विभागाने आता दोन गीते ऐकविण्याची सिद्धता केली आहे. पहिले 'वॉर' आणि दुसरे मार्ली यांच्या अखेरच्या दिवसांतील 'रिडेम्प्शन साँग'. मनाची गुलामी ज्याची त्यानेच तोडावयाची, हा मार्कस गार्वी यांनी १९३७ साली एका भाषणात मांडलेला विचार त्यात आला आहे. हे गार्वीही सेंट अ‍ॅन परगण्याचेच. त्यात ढोल नाही, केवळ गिटार आणि आवाज आहे. तेव्हा ज्येष्ठांनी उठून जाण्याची घाई करू नये. पहिल्या गीताच्या वेळी मात्र कोणी सम शोधू नये.