रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल



आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. त्या दिवशी सुतार आपली करवत पुजतो, शेतकरी विळा-कोयता पुजतो, आणि ज्याच्या घरी परवान्याचे हत्यार असेल तो ते कपाटातून काढून पाटावर मांडतो. अकोटास माझ्या थोरल्या काकांचे कापसाचे अडतीचे दुकान होते. हंगामात रोकड घेऊन रात्री-अपरात्री परतावे लागे, म्हणून त्यांनी कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ चे रिव्हॉल्व्हर परवाना काढून घेतले होते. हळदकुंकू वाहण्यापूर्वी ते एक गोष्ट न चुकता करीत. रिव्हॉल्व्हरचा खटका दाबून ते मधोमध मोडीत, समईसमोर धरीत आणि आम्हा मुलांना जवळ बोलावून विचारीत, "दिवे किती दिसतात?" आम्ही मोजून सांगायचे, "सहा." सहाही घरांतून समईची ज्योत दिसली की मगच ते हत्यार पाटावर जाई.

पुढे माझ्या चुलत भावाने धंदा हाती घेतला आणि स्वतःच्या परवान्यावर त्याच बोराचे अर्ध-स्वयंचलित पिस्तूल घेतले. चपटे, हलके, दिसायला मोठे डौलदार! पहिल्याच खंडेनवमीस त्याने ते पूजेसाठी रिकामे केले. प्रथम वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागे ओढला. एक काडतूस टणकन् उडून जमिनीवर पडले. ते त्याने उचलून ठेवले. मग मुठीतून मॅगझीन बाहेर काढले. काडतूस डोळ्यांदेखत पडले, मॅगझीनही हातात आले, आता आत काय राहणार? "रिकामं हाय, काई होत नाई," असे म्हणत त्याने नळी पाटाकडे करून चाप ओढला. गोळी पाट भेदून खालच्या सतरंजीत गेली. पाटापलीकडे माझी वहिनी निरांजन घेऊन बसली होती. तिला इजा झाली नाही, एवढेच आमचे भाग्य. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

भाऊ निष्काळजी नव्हता. त्याने दोन्ही क्रिया केल्या होत्या, फक्त त्यांचा क्रम उलटा झाला. हा क्रम काय आहे हे समजण्यासाठी दोन्ही यंत्रांची रचना थोडी पाहावी लागेल.

बोलताना आपण दोहोंनाही पिस्तूलच म्हणतो. पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले, ते ही दोन्ही यंत्रे जन्मास येण्यापूर्वीच. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरणारे. अमेरिकेत सॅम्युअल कोल्ट याने १८३६ साली त्याचे पेटंट घेतले. नळीच्या मागे एक चक्र असते, त्यात बहुधा सहा घरे असतात आणि प्रत्येक घरात एक काडतूस बसते. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते, घोडा मागे जाऊन आपटतो आणि नळीसमोर आलेले काडतूस उडते. हे सर्व काम आपल्या बोटाच्या जोरावर चालते, म्हणून चाप जड लागतो. घोडा आधीच अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर मात्र तोच चाप फार हलका होतो.

पिस्तुलाचे तंत्र निराळे. त्याची काडतुसे मुठीतल्या मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात आणि खालची कमान त्यांना वर लोटीत असते. स्लाइड मागे ओढून सोडली की सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागल्या घरात जाऊन बसते. बार उडाला की त्याच्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि परत येताना नवे काडतूस आत ढकलते. चापाच्या प्रत्येक ओढीस एक गोळी सुटते, पण पुढची भरण्याचे काम यंत्र स्वतः करते; म्हणून ते अर्ध-स्वयंचलित.

आता भावाचा घोटाळा ध्यानात येईल. मॅगझीन आत असताना त्याने स्लाइड ओढली. घरातले काडतूस बाहेर पडले, पण स्लाइड परत येताना तिने दुसरे आत नेऊन बसविले. नंतर मॅगझीन काढले तरी ते दुसरे जिथल्या तिथेच राहिले. आधी मॅगझीन काढावयाचे, मग स्लाइड ओढावयाची आणि ती मागे धरून घरात डोळ्यांनी पाहावयाचे, हा खरा क्रम होय. काही पिस्तुलांत मॅगझीन काढले असता चाप चालू नये अशी योजना केलेली असते. ब्राऊनिंगच्या हाय-पॉवर या प्रसिद्ध पिस्तुलात ती आहे. परंतु सर्वच पिस्तुलांत ती नसते, आणि आपल्या हातातल्यात ती आहे की नाही हे चाप ओढून पाहणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे होय.

रिव्हॉल्व्हरचा थोर गुण मला येथे दिसतो. ते उघडले की त्याचे सारे पोट एकाच वेळी दिसते. काडतुसाला लपून बसण्यास जागाच नाही. माझ्या काकांना यंत्रशास्त्र येत नव्हते. पण सहा दिवे मोजण्यास यंत्रशास्त्र लागत नाही. त्यांच्या हत्याराचा खटका दाबला की नळी खाली मोडे आणि मधली चांदणी वर उठून सहाही काडतुसे एकदम बाहेर लोटी. इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची हीच पद्धत. ब्रिटिश सैन्याने वेब्ली १८८७ साली स्वीकारले, आणि पुढे आपल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेलाही अनेक वर्षे तेच लटकत असे. चक्र बाजूस उघडणारे रिव्हॉल्व्हर कानपूरहून निघाले ते अगदी अलीकडे, २०२३ साली. त्याचे नाव 'प्रबळ'.

पिस्तुलाची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर मी पुतण्या म्हणून काकांचा वकील झालो असे आपण म्हणाल. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन ब्राऊनिंगची पिस्तुले बेल्जममध्ये निघू लागली आणि अल्पावधीत जगभर गेली. त्यांचा चपटेपणा हाच त्यांचा मोठा गुण. रिव्हॉल्व्हरच्या चक्राचा फुगवटा अंगरख्याखाली लपत नाही, पिस्तूल लपते. महाराष्ट्राला हे फार लवकर कळले. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राऊनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठविली, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याजवर गोळ्या झाडल्या, त्या त्यांतल्याच एका पिस्तुलाच्या. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस गांधीजींवर ज्या तीन गोळ्या झाडल्या गेल्या, त्याही खिशात मावणाऱ्या बेरेट्टा जातीच्या अर्ध-स्वयंचलित पिस्तुलाच्या. चपटेपणाला गुण म्हणावे की दोष, हे ते कोणाच्या खिशात आहे यावर ठरते.

पिस्तुलात काडतुसे अधिक मावतात. काकांच्या चक्रात सहा, तर इच्छापूरच्या कारखान्यात सैन्यासाठी होणाऱ्या ९ मि.मी. पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये तेरा. ते संपले की दुसरे मॅगझीन क्षणात बसते. रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक काडतूस घरात घालीत बसावे लागते. धक्क्याचा काही भाग स्लाइड सोसते, म्हणून हातही कमी उसळतो. जो शिपाई नित्य चांदमारीवर जातो, ज्याच्या बोटांना स्लाइड, मॅगझीन आणि सेफ्टी यांची सवय झाली आहे, त्याने पिस्तूलच बाळगावे. जगातील सैन्यांनी रिव्हॉल्व्हर टाकून पिस्तूल घेतले ते काही लहरीखातर नव्हे.

परंतु आपल्या गावचा परवानाधारक म्हणजे शिपाई नव्हे. काडतुसे महाग, चांदमारीची जागा दूर. वर्षाकाठी पाच बारही न काढणारे कितीतरी. काडतुसेही वर्षानुवर्षे तीच. वैशाखाचे ऊन आणि श्रावणाची ओल सोशीत ती कपाटात पडलेली असतात. असे जुने काडतूस ऐन वेळी फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढावा, पुढचे घर समोर येते. पिस्तुलाचे तसे नाही. दुसऱ्या हाताने स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर काढल्याखेरीज पुढे काही घडत नाही. शिवाय मूठ सैल धरली तर स्लाइड पुरी मागे जात नाही आणि टरफल अर्धवट अडकते. मॅगझीनच्या कडा वाकल्या असतील तर काडतूस तिरपे चढते. भ्यालेल्या माणसाची मूठ नेहमी सैलच असते.

रिव्हॉल्व्हर कधी अडतच नाही, ही मात्र बाजारगप्प आहे. चांदणीखाली दारूची काजळी साचली तर चक्र फिरत नाही. त्याहून भयंकर प्रकार अर्धवट उडालेल्या काडतुसाचा. गोळी नळीतच अडकते, आवाज नेहमीपेक्षा मंद येतो, आणि रिव्हॉल्व्हर बिनतक्रार पुढचे घर समोर आणते. दुसरी गोळी पहिलीवर आदळली की नळी फुटते. पिस्तुलात अशा दुबळ्या बाराने स्लाइड बहुधा पुरी मागे जात नाही, आणि यंत्र आपोआप थांबून सावध करते. आणखी एक गोष्ट: रिव्हॉल्व्हरचे चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. तिच्यातून बाराबरोबर तप्त वायू बाजूस फेकला जातो; तेथे दुसऱ्या हाताचे बोट असले तर ते भाजून फाटते.

बाजारात काडतुसे मागतानाही घोटाळा होतो. 'बत्तीसची द्या' एवढे म्हणून भागत नाही. रिव्हॉल्व्हरचे .३२ लांब आणि मागे रुंद काठाचे, पिस्तुलाचे .३२ आखूड; नाव एक असले तरी एकाचे दुसऱ्यात वापरू नये.

येथे एक विषयांतर करतो, कारण वऱ्हाडात हा प्रश्न हटकून विचारला जातो. नरनाळ्याच्या पायथ्याकडील गावांत रोही आणि रानडुकरे हरभरा-तूर उलथून टाकतात. त्यासाठी यांतले कोणते घ्यावे? कोणतेच नाही. आखूड नळीच्या हत्याराने रात्री शेतात नेम साधत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पिकांच्या रक्षणासाठी विचार केला आहे तो लांब नळीच्या बंदुकीचा, हातातल्या हत्याराचा नव्हे. आणि रोही मारण्यास वनखात्याची परवानगी लागते ती निराळीच.

राहता राहिला घरातल्या माणसांचा प्रश्न. रिव्हॉल्व्हरचा जड चाप लहान मुलास सहसा ओढवत नाही, असे सांगून दुकानदार गिऱ्हाइकाची समजूत घालतात. मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. दोन्ही हातांची बोटे लावून मूल काय करील याचा नेम नाही, आणि घोडा मागे ओढलेला असेल तर जोर लागतच नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यार सुरक्षित ठेवण्याची आणि ते हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते प्रशिक्षण केवळ दाखल्यापुरते घेऊ नये. विशेषतः पिस्तूल घेणाऱ्याने रिकामे करण्याचा क्रम इतका घोटावा की झोपेत उठविले तरी हात तो चुकणार नाहीत. एवढा घोटण्यास ज्याला सवड नाही, त्याने, माझ्या मते, रिव्हॉल्व्हरच घ्यावे. आणि तेही समईसमोर धरण्याचा ज्याला कंटाळा येईल, त्याने परवान्याचा अर्जच करू नये.

आमच्या घरी तो पाट अजून आहे. वहिनीने तो टाकू दिला नाही. भोक बुजवू का, असे सुताराने विचारले, तेव्हा तिने नको म्हणून सांगितले. खंडेनवमीस भाऊ आता मॅगझीन आधी काढतो, मग स्लाइड मागे धरून पिस्तूल तिच्या हाती देतो. ती त्या घरात करंगळी घालून पाहते, मान डोलावते, आणि मगच हळदकुंकवाची कोयरी पुढे सरकवते.