सामाईक स्वयंपाकघर आणि भाडेकरूचा हक्क
(रिचमंड हिल येथील भीमजयंती समारंभातील भाषण)



जयंतीच्या व्यासपीठावरून भाड्याच्या खोलीसंबंधी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु १९१७ साली बडोद्यात घडलेला प्रसंग भाड्याच्या खोलीचाच होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात निवारा मिळेना, म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास बजावून गेले. बाबासाहेब सार्वजनिक बागेत जाऊन बसले व रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले. विद्या होती, दरबारची नोकरी होती. छत मात्र नव्हते.

आज या गावातील कित्येक तळघरांत आपली मुले राहतात. कोणी विद्यार्थी, कोणी गोदामात रात्रपाळी करणारा. त्यांना एके दिवशी निरोप मिळतो : खोली रिकामी करा. अशा वेळी ऑन्टारिओचा २००६ चा निवासी भाडेकरार कायदा बराचसा भाडेकरूच्या बाजूने आहे. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर साठ दिवसांची लेखी नोटीस व एका महिन्याच्या भाड्याइतकी भरपाई द्यावी लागते. शिवाय नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. भाडेकरू न हलल्यास मालकाने घरमालक-भाडेकरू मंडळापुढे जावे लागते, आणि मंडळाच्या आदेशाची अंमलबजावणी शेरीफ करतो. मालकाने परस्पर कुलूप बदलणे हा गुन्हा आहे.

मात्र याच कायद्याच्या पाचव्या कलमात एक खाच आहे. मालक किंवा त्याची पत्नी, मुले, आईवडील त्याच इमारतीत राहत असतील, आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकघर वा न्हाणीघर सामाईक वापरावे लागत असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. सात-आठ जण मिळून घर घेतात, करारावर नाव एकाचेच असते. बाकीच्यांचीही स्थिती तशीच डळमळीत. म्हणजे ज्याला सर्वांत स्वस्त जागा परवडते, त्यालाच सर्वांत कमी संरक्षण!

हे मी ऐकीव सांगत नाही. या देशातील माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही असाच राहत होतो. चूल एकच, मालक वरच्या मजल्यावर. एका शुक्रवारी त्यांनी सांगितले, "भाऊ येतोय, रविवारी खोली मोकळी करा." बाहेर बर्फ पडत होता. दोन बॅगा घेऊन मी एका मित्राच्या दिवाणखान्यात आठ दिवस झोपलो. मालक मराठीच होते, म्हणून ते शब्द अधिक लागले.

बंधू-भगिनींनो, आता आपल्यापैकी अनेकजण घरमालक झालो आहोत. २०२२ साली व्याजदर वाढले, हप्ते जड झाले, हे मी जाणतो. तरीही माझी विनंती आहे की, चूल सामाईक असली तरी भाडेकरूशी लेखी करार करावा आणि त्यात साठ दिवसांची मुदत लिहावी. कायदा सक्ती करीत नाही. आपण लिहून दिले तर आपल्यावर बंधन राहील. आमच्या घरातील खोलीचा असा करार मी बरोबर आणला आहे. भोजनानंतर मी दाराजवळच्या टेबलाशी बसेन. ज्यांना नोटीस आली असेल त्यांनी कागद घेऊन यावे. ज्यांना कराराची प्रत हवी असेल त्यांनीही यावे.

जयभीम!