गॉर्की आणि ‘महाराष्ट्राचा गॉर्की’

(बरकतपुरा, हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



अण्णा भाऊ साठे यांचे नाव निघाले की ‘महाराष्ट्राचे मॅक्झिम गॉर्की’ हे बिरुद मागोमाग येतेच. ज्याच्या नावाने बिरुद दिले, त्या माणसाचे आयुष्य मात्र फारसे कुणी सांगत नाही. आज ते सांगावे आणि बिरुद कुठवर शोभते तेही पाहावे, असा विचार आहे.

अलेक्सेय मक्सिमोविच पेश्कोव हे त्याचे खरे नाव. जन्म 1868 चा, व्होल्गाकाठच्या निझनी नोवगोरोदचा. तीन वर्षांचा असताना वडील कॉलऱ्याने गेले. मुलगा आजोळी आला. आजोबांचा कापड रंगवण्याचा धंदा होता, हात सढळ होता तो मारण्यापुरता. आजी मात्र गोष्टींचे भांडार. शाळा जेमतेम काही महिने झाली. अकराव्या वर्षी आई गेली आणि आजोबांनी ‘आता जगात जा, पोट भर’ म्हणून त्याला बाहेर काढले.

मग जोड्यांच्या दुकानात पोऱ्या, व्होल्गावरच्या आगबोटीत भांडी घासणारा, काझानला भट्टीवर पाव भाजणारा. आगबोटीवरच्या स्मूरी नावाच्या आचाऱ्याकडे पुस्तकांची पेटी होती. तो या पोराला पुस्तके वाचून दाखवायला लावी. विद्यापीठात शिकायचे म्हणून तो काझानला गेला होता. विद्यापीठाचे दार उघडले नाहीच. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वाचला. पुढे पायी भटकत तिफ्लिसला पोहोचला आणि तिथल्या वृत्तपत्रात 1892 मध्ये पहिली कथा छापून आली. खाली नाव घातले ‘गॉर्की’, म्हणजे कडू.

आता आपल्याकडे या. 1920, वाटेगाव, मांग कुटुंब. शाळेशी संबंध दीड दिवसाचा. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेली. गिरणी, हमाली, तमाशा, पुढे अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत लिहिणे. इतके साम्य पाहिल्यावर बिरुद सुचणे साहजिकच होते. स्वतः अण्णा भाऊंनाही गॉर्की जवळचा वाटे. तरी मला एक फरक मोलाचा वाटतो. गॉर्कीचे भटके, चोर, उनाड हे व्यवस्थेतून गळून पडलेले लोक आहेत. अण्णा भाऊंचा फकिरा गळून पडलेला नाही. त्याला गाव आहे, जमात आहे, आणि त्या जमातीला भूक लागली म्हणून तो धान्य लुटतो. जातीचा हा पैलू गॉर्कीत शोधून सापडणार नाही.

पण खरी अडचण गॉर्कीच्या उत्तरार्धात आहे, आणि बिरुद देणारे तिथे गप्प राहतात.

1902 साली झारने त्याची अकादमीवरील निवड रद्द करवली. निषेध म्हणून चेखोव्ह आणि कोरोलेन्को यांनी आपले सदस्यत्व सोडले. त्याच वर्षी मॉस्को आर्ट थिएटरने त्याचे ‘तळघर’ रंगवले. 1905 मध्ये तुरुंग, मग परदेश, ‘आई’ ही कादंबरी, काप्री बेटावरचा मुक्काम. 1917 ला क्रांती झाली तेव्हा हाच माणूस आपल्या ‘नोवाया झिझ्न’ पत्रातून बोल्शेविकांच्या अत्याचारांवर उघड टीका करत होता. 1918 च्या जुलैत ते पत्र बंद करण्यात आले. उपाशी लेखक-विद्वानांना शिधा मिळावा म्हणून तो दारोदार खटपटी करी. 1921 मध्ये तो देश सोडून गेला.

आणि तोच पुढे परतला. 1929 मध्ये सोलोव्हकी बेटावरच्या बंदिछावणीला भेट देऊन त्याने तिच्याबद्दल बरे लिहिले. कैद्यांच्या श्रमातून खोदलेल्या श्वेत समुद्र कालव्याचा गौरव करणारा ग्रंथ 1934 मध्ये त्याच्या संपादनाखाली निघाला. त्याच वर्षी तो लेखक संघाचा प्रमुख झाला. त्याच्या हयातीतच निझनी नोवगोरोदला त्याचे नाव दिले गेले. 1936 मध्ये तो वारला.

भीतीने, मोहाने की खऱ्या विश्वासाने? अभ्यासकांचे यावर एकमत नाही. मला वाटते, तिन्ही थोडेथोडे. पण पावभट्टीवरच्या मजुराचे दुःख ज्याला दिसले, त्याला कालव्यावरच्या कैद्याचे दिसले नसेल असे मी मानू शकत नाही.

अण्णा भाऊ 1961 मध्ये रशियाला जाऊन आले, भारावून आले, ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ते वाचताना हे सारे आठवते. पण त्यांच्यावर कुठल्या सत्तेने शहराचे नाव ठेवले नाही, कुठला बंगला दिला नाही. 1969 मध्ये ते गेले ते विपन्नावस्थेत, अवघे 48 वर्षांचे. 2022 साली मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला.

तेव्हा तरुण मित्रांना एवढेच सांगेन: गॉर्की वाचायचा तर ‘आई’पासून सुरुवात करू नका. त्याचे ‘बालपण’ आधी घ्या. आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात एखादी जुनी सोव्हिएत प्रत अजून हाती लागते; आणि आजीचे पान आले की थोडे सावकाश वाचा.