औषध लागू पडते तेव्हा मेंदूत काय घडते?



नैराश्यावरील नेहमीच्या औषधाचा गुण दिसू लागण्यास काही आठवडे जातात. ज्याला उद्याची सकाळच नकोशी झाली आहे त्याला, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या आईवडिलांना, हे आठवडे फार जड जातात. म्हणूनच २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झाराटे व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने मानसोपचारतज्ज्ञ चकित झाले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या १७ रुग्णांना केटामाइन शिरेतून दिले गेले. दोन तासांच्या आतच मळभ विरळ होऊ लागले. दुसऱ्या दिवशी सुमारे ७० टक्के रुग्णांना स्पष्ट उतार होता. हे औषध काही नवे नव्हे. १९६२ साली तयार झालेले ते भुलीचे औषध आहे.

एवढ्या थोड्या वेळात मेंदूत घडते तरी काय? येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली उंदरांवर दाखवले की, केटामाइननंतर एका दिवसात मेंदूच्या पुढच्या भागातील पेशींमध्ये नवे सांधे जुळतात. याच ड्यूमन यांच्या हाताखाली संशोधन शिकलेल्या विदिता वैद्य आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मनोविकारांमागील मेंदूव्यापारांचा शोध घेत आहेत. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना लाभला.

उंदराच्या मेंदूचे काप काढता येतात. जिवंत माणसाच्या नाही. तेथे प्रतिमाचित्रणाचा आधार घ्यावा लागतो. एमआरआय यंत्र रक्तातील प्राणवायूच्या चढउतारावरून मेंदूचे कोणते भाग एकसुरात काम करतात ते दाखवते. झुरिचमधील संशोधकांनी २०१२ साली निरोगी स्वयंसेवकांत पाहिले की, केटामाइननंतर दुसऱ्या दिवशी, रिकामपणी स्वतःच्याच विचारात गुंतणाऱ्या भागांची आपसांतील वीण सैल झाली होती. नैराश्यात माणूस तेच तेच उगाळत बसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते.

पेट चित्रणात किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेले द्रव्य टोचतात. हा कार्बन दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. त्यामुळे द्रव्य जवळच बनवून लगबगीने रुग्णापर्यंत न्यावे लागते! या पद्धतीने येलच्याच संशोधकांना २०१९ मध्ये आढळले की, नैराश्य जितके तीव्र, तितके पेशींमधील सांधे विरळ.

मात्र हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एकट्या व्यक्तीच्या चित्रावरून नैराश्याचे निदान आज कोणीही करू शकत नाही. ‘डोक्याचा फोटो काढून बघू’ हा आग्रह त्यासाठी व्यर्थ होय. डॉक्टर एमआरआय सांगतात ते बहुधा दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. केटामाइनचा गुणही अनेकांत आठवड्याभरात ओसरतो, रक्तदाब वाढतो, व्यसनाचा धोका राहतो. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील बारा राज्यांत छत्तीसगडही होते. दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते, असे त्यात दिसले, आणि बहुतेक मनोरुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत, असेही. शंकर नगरातील कुटुंबांना टाटीबंधचे एम्स रुग्णालय शहरातच आहे. घराबाहेर पडणेही कठीण वाटत असेल, तर शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध असते.