साखरेची वही
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मोदकांचे ताट समोर असताना मधुमेहावर बोलायला उभे केल्याबद्दल कार्यकारिणीचे आभार! मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण डबा दुरुस्तीला आला की आम्ही आधी त्याची मागची नोंद पाहतो. जुनाट आजाराचेही तसेच आहे, एवढेच आज सांगायचे आहे.

उदाहरण आपल्या म्हैसूरचेच आहे. मंडी मोहल्ल्यातले होल्ड्सवर्थ मेमोरियल, म्हणजे आपले मिशन हॉस्पिटल, सर्वांना ठाऊक आहे. तिथे १९३४ पासून जन्मणाऱ्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर वहीत लिहून ठेवत. पुढे संशोधकांनी या वह्यांवरून ती 'बाळे' शोधून तपासली, तेव्हा त्यांतली काही साठीला आलेली होती! १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत शंभरात अकरा जणांना हृदयविकार होता, ३.१ किलो किंवा अधिक वजनाच्यांत तो तिघांनाच.

मधुमेहाचे गणित मात्र वेगळे निघाले. लांबीला कमी पण अंगाने गुटगुटीत जन्मलेल्यांत आणि वजनदार आयांच्या मुलांत तो जास्त होता. अशा आयांची साखर गरोदरपणी वाढत असेल काय? हे पाहण्यासाठी त्याच हॉस्पिटलात १९९७ पासून गरोदर स्त्रियांची तपासणी करून त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. शंभरात सुमारे सहा जणींना गरोदरपणातला मधुमेह आढळला. त्यांची मुले नऊ-दहा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्या अंगातली चरबी इतर मुलांपेक्षा जास्त भरली.

आपल्या पुण्यातही असेच मोठे काम झाले आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण शरीरातली चरबी साहेबांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून चकचकीत दिसणाऱ्या ॲक्सलमध्येही आत तडा असू शकतो. तो अल्ट्रासोनिक तपासणीतच सापडतो. तेव्हा 'मी सडपातळ आहे, मला कशाला होईल' हे मनातून काढून टाका.

आता तपासणीबद्दल. वैद्यकीय तपासणीची तारीख जवळ आली की चार दिवस गोड सोडणारे लोक आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. हुद्दा जाईल, ड्यूटी बदलेल, ही भीती खोटी नाही. उपाशीपोटीची साखर त्याने थोडी उतरेलही. पण एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला चार दिवसांत फसवता येत नाही. तीही परिपूर्ण नाही. रक्तक्षय असेल तर आकडा चुकू शकतो. म्हणून डॉक्टर दोन्ही पाहतात.

उपचार फार पुढे गेले आहेत. इन्सुलिन १९२१ साली सापडले. आज दंडावर चिकटवलेला सेन्सर दर काही मिनिटांनी साखर सांगतो. तरीही २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला काही दुखत नाही, म्हणून तो तपासतही नाही.

आपण बदलीवाले लोक. हुबळीचे रिपोर्ट हुबळीत राहतात, सोलापूरचे सोलापुरात. नव्या गावचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. सुनेची किंवा लेकीची गरोदरपणी वाढलेली साखर बाळंतपणानंतर उतरते आणि सगळे ती विसरून जातात. खरे तर तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो. सहा ते बारा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी व्हावी आणि पुढेही नियमित होत राहावी.

म्हणून विनंती एकच. घरातल्या प्रत्येकाची एक शंभर पानी वही करा. जन्माचे वजन, आई-वडिलांचे आजार, दरवर्षीची साखर, रक्तदाब, कमरेचा घेर, चालू औषधे हे सारे तारखेसह लिहा. बदलीच्या सामानात भांड्यांच्या आधी ती वही बांधा.

गणराय सर्वांना उत्तम आरोग्य देवो. मोदक खा, पण मोजून!